कोकणातली अ‍ॅलर्जी : बांगडा, कोळंबी, काजूचा चीक आणि बंद घराची धूळ

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मंडळी, गणपती झाले, चाकरमानी परतले, आता निवांत लिहितो. यंदा विसर्जनानंतरच्या पहिल्याच मासळीच्या जेवणात आमच्याकडे गोंधळ झाला. बांगड्याचं तिखलं होतं आणि तळलेले तुकडे. हात धुऊन ओटीवर येईपर्यंत भावोजींचा चेहरा लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. पाठोपाठ मोठ्या भावाचं तेच. मग शेजारचे काका जेवायला होते त्यांचंही. रात्रीपर्यंत तिघेही ठीक झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितलं, बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे, यापुढे बांगडा बंद. तिघांनाही? जन्मभर बांगडा खाल्लेल्या माणसांना, एकाच दुपारी?

शिवाय आमच्या घरात वहिनीला कोळंबी चालत नाही, ओठ सुजतात. पुतण्याने गावच्या घरात पाऊल टाकलं की शिंका सुरू. काकी काजूच्या कारखान्यात जाते, तिच्या हातांची सालं निघतात. या सगळ्यांना निदान एकच आणि गोळीही एकच, सेट्रिझिन. माझ्या डोक्याला हे पटत नाही. शरीरात नक्की काय होतं हे कुणी समजावून सांगेल का? इथे डॉक्टर आहेत, मासळीवाले आहेत, काजूवाले आहेत. लिहा.

सड्यावरचा

बांगडा शिळा होता. विषय संपला. 😀

फणसपोळी

सड्यावरचा, विषय तिथेच सुरू होतो.

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. धागाकर्त्याचे रुग्ण मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे निदान समजू नका. पण तीन माणसं, एकच मासा, तिघांना तासाभरात एकच त्रास आणि याआधी बांगडा खाऊन कधी काही नाही, असं ऐकल्यावर माझ्या डोक्यात अ‍ॅलर्जी आधी येत नाही. हिस्टामिनची बाधा येते.

बांगडा, तारली, गेदर, कुपा अशा काळसर मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर लगेच गार केला नाही तर जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत आपल्याच पेशी जे रसायन सोडतात, तेच इथे ताटात तयार होऊन येतं. म्हणून लक्षणं इतकी सारखी दिसतात: चेहरा-मान लाल, डोकेदुखी, धडधड, कधी जुलाब. काहींना खाताना मासा मिरीसारखा चरचरीत लागतो. सेट्रिझिनसारख्या हिस्टामिनविरोधी गोळीने बरं वाटतं, आणि तेवढ्यावरून "अ‍ॅलर्जीच होती" असा शिक्का बसतो.

मी रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारते की त्या पातेल्यातलं अजून कोणी जेवलं आणि त्यांचं काय झालं. पातेल्यातलं खाणाऱ्या बहुतेकांना झालं तर दोष पातेल्यात. एकालाच होतं, दर वेळी होतं, आणि एक घास खाल्ला तरी होतं, तर दोष त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीत शोधायचा. अपवाद आहेत, पण दहातली आठ प्रकरणं एवढ्यावर मार्गी लागतात.

सड्यावरचा

पण डॉक्टर, तळून कडक केलेला होता म्हणे. तळल्यावर जंतू राहतात कुठे?

फणसपोळी

जंतू मरतात. त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामिन मरत नाही. तळा, उकडा, खारवा, फ्रीजरमध्ये टाका, ते तसंच राहतं. आणि त्याला कुजका वास असेलच असंही नाही.

बंदरावरची

यावर मी बोलणार. मासळीचा धंदा आमच्या सासूपासूनचा.

बांगड्याला बर्फ जाळ्यातून काढल्या काढल्या लागतो. खणात बर्फ भरून गेलेली होडी असेल तर प्रश्न नाही. पण जवळच जाऊन येणारी छोटी होडी बरेचदा बर्फाशिवाय जाते, "दोन तासात तर परत यायचंय" म्हणून. मग लिलाव, मग टोपली, मग वाडीवाडीवर फिरणं. टोपलीवर ओलं गोणपाट टाकलं म्हणजे मासा गार राहिला असं नाही, तो फक्त सुकत नाही. जेवढी मासळी तेवढा बर्फ, हा आमचा हिशेब.

आणि बायांनो, भावांनो, सगळं आमच्यावर ढकलू नका. गिऱ्हाईक माझ्याकडून बर्फातला बांगडा नेतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या हँडलला लटकवतं, वाटेत बँक, किराणा, चहा करत घरी पोचतं. आश्विनातल्या उन्हात! वर म्हणतं, बाजारातली मासळी बाधली. डबा आणा, मी बर्फ घालून देते. बर्फाचे पैसे घेत नाही.

खाडीपलीकडे

बंदरावरची ताई, आमच्या बांगड्याचा प्रवास तुम्ही अगदी बरोबर सांगितलात. फक्त वाटेत बँकेऐवजी तहसील कचेरी होती.

कुडाळचो_झील

आमच्या आयेक बांगडो, सुरमय, पापलेट सगळा चलता. पण सुंगटां खाल्ली काय ओठ सुजतत आणि अंगार पित्त उठता. कुर्ल्यांचो रस पण चलणा नाय. लहानपणी खाय होती, काय एक होय नसा. मगे आताच ह्या खयसून इला? आणि मासो चलता तर सुंगटां कित्याक नाय?

फणसपोळी

तुमच्या आईची गोष्ट खऱ्या अ‍ॅलर्जीसारखी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅलर्जी पहिल्या घासाला होत नाही. आधी शरीराची ओळख व्हावी लागते. कोळंबीतलं एखादं प्रथिन पोटातून, कातडीतून किंवा श्वासातून आत जातं आणि काही माणसांची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू ठरवते. मग त्या प्रथिनासाठी खास आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ती जाऊन बसतात मास्ट पेशींवर. या पेशी कातडी, नाक, श्वासनलिका, आतडी इथे, म्हणजे बाहेरचं जग जिथे अंगाला भिडतं तिथे, दाटीने असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या कण्या भरलेल्या असतात. हे सगळं होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. वर्षानुवर्षं खाऊन मग पन्नाशीत सुरू झालं, यात काही आश्चर्य नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी तर मोठेपणी सुरू होण्यासाठी प्रसिद्धच आहे.

पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की ते मास्ट पेशीवरच्या शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटतं आणि पेशी काही मिनिटांत सगळा साठा बाहेर सोडते. हिस्टामिनने रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातून पाणी झिरपतं: म्हणून ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. श्वासनलिका आवळतात: म्हणून दम लागतो. आतडी पिळवटतात: उलटी, कळा.

आता मासा चालतो आणि सुंगटं का नाही. माशांतलं मुख्य दोषी प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कोळंबीतलं हे ट्रोपोमायोसिन ओळखणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक होते, १९९३ चा शोधनिबंध आहे त्यांचा. ते उकळूनही टिकतं, म्हणून शिजवणं हा उपाय नाही. कुर्ल्या, शेवंड, जवळा, सोडे या सगळ्यांत जवळपास तेच प्रथिन. जवळा बारीक म्हणून तो वेगळा, असं समजू नका, तोही कोळंबीच्याच गोतातला. तिसऱ्या, कालवं, माकुल यांच्यातही ट्रोपोमायोसिन असतं, पण थोडं निराळं, काहींना चालतं, काहींना नाही. ते घरी चाखून ठरवायचं नाही, तपासून ठरवायचं.

कोळंबी उकडताना उठणाऱ्या वाफेतही हे प्रथिन असतं. मासळी प्रक्रिया कारखान्यात सोलणीला जाणाऱ्या बायकांना नाक गळणं, दमा असे त्रास होतात ते बरेचदा त्यामुळेच. आईला स्वयंपाकघरातूनही बाहेर बसवा त्या दिवशी.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. "कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी, त्यामुळे सीटी स्कॅनचं रंगद्रव्य चालणार नाही" हे चूक आहे. दोष प्रथिनाचा असतो, आयोडीनचा नाही. मीठही खुशाल खा.

कुडाळचो_झील

देव बरा करो डॉक्टर. आयेक वाचून दाखयलय. ती म्हणता, "म्हणजे गजालीपुरतीच सुंगटां."

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण किनाऱ्यावरच्या लोकांना आवडेल. या सगळ्या शास्त्राची एक सुरुवात समुद्रातच झाली. मोनाकोचा राजा आल्बेर पहिला याला समुद्रविज्ञानाचं वेड होतं. १९०१ मध्ये त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या निळ्या फुग्याचे, लांब दोऱ्यांचे ते प्राणी असतात ना, लोक ज्याला ब्लू बॉटल म्हणतात, त्याच्या विषाचा अभ्यास चालला होता. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्या विषाची सवय होते का ते पाहिलं. एका कुत्र्याने, त्याचं नाव नेपच्यून, पहिला डोस आरामात सोसला. तीनेक आठवड्यांनी तेवढंच विष पुन्हा टोचलं तर काही मिनिटांत धाप, उलटी, आणि कुत्रा मेला. सवय व्हायच्या ऐवजी उलटंच झालं होतं. १९०२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, अ‍ॅनाफिलॅक्सिस (अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका) हे नाव तेव्हाचं. रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं.

अ‍ॅलर्जी हा शब्द त्यानंतर १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्केने काढला. आयजीई सापडायला मात्र १९६६-६७ साल उजाडलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक, दोन्हीकडे स्वतंत्रपणे.

आमसूल

इतकं घाबरवू नका लोकांना. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळतात, बसतं. आणि कोळंबीचं म्हणाल तर थोडी थोडी खात गेलं की अंगाला सवय होते. आमचे एक चुलते असेच बरे झाले. हल्लीच्या पिढीला गोळ्यांचीच सवय.

फणसपोळी

आमसुलाच्या पाण्याबद्दल माझं भांडण नाही. गार लागतं, खाज कमी वाटते, चोळा. नुसत्या गांधी असतील तर त्या तशाही काही तासांत बसतात. पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर आमसूल शोधत बसू नका.

दुसऱ्या वाक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. थोडं थोडं देऊन सवय लावण्याची उपचारपद्धती खरोखर आहे, लिओनार्ड नूनने १९११ मध्ये लंडनला गवताच्या परागांनी केली, आणि आज धुळीतल्या किड्यांसाठी ती इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांनी दिली जाते. पण त्यात डोस मोजलेला असतो, वर्षं लागतात, आणि जोराचा झटका आलाच तर टोचायला शेजारी अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलेलं असतं. घरी आज दोन कोळंब्या, उद्या चार, हा तो उपचार नव्हे. वरच्या प्रतिसादातला नेपच्यून पुन्हा वाचा.

चुलत्यांना कदाचित अ‍ॅलर्जी नव्हतीच. किंवा त्यांना त्रास देणारी गोष्ट कोळंबीच्या जोडीला होती. हेही सांगते: काहींना कोळंबी खाऊन नुसतं बसलं तर काही होत नाही, पण खाऊन लगेच पळापळ केली, वर दारू घेतली किंवा अंगदुखीची गोळी घेतली तर जोराचा झटका येतो. कवचीवाली मासळी खाऊन नंतर पळायला गेलेल्या माणसाचं असं प्रकरण १९७९ मध्ये नोंदलं गेलंय. त्यामुळे "परवा खाल्ली तेव्हा काही झालं नाही" हा पुरावा कच्चा असतो.

आमसूल

ठीक आहे. डोसाचं पटलं. पण आमसुलाला नावं ठेवायची नाहीत.

काजूबी

आमचं वेंगुर्ल्याकडे काजूचं छोटं युनिट आहे. काकींबद्दल सांगते.

काजूच्या टरफलात जे काळं तेल असतं ते कातडी जाळतं. आमच्या बाया हाताला तेल लावून, राख लावून बी फोडतात, वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. हातमोजे देते, पण मोज्यात बोटं चालत नाहीत आणि पैसे किलोवर, त्यामुळे काढून ठेवतात. ही खरी अडचण आहे, अडाणीपणा नाही. आम्ही आता बोटांची टोकं मोकळी नसलेले, पण पातळ मोजे घेतो, आत सुती मोजा, म्हणजे घाम धरत नाही. फाटला की लगेच बदलायचा. मोज्यात तेल शिरलं तर मोजा नसलेला बरा.

पण मला न कळलेली गोष्ट अशी की काही बाया वीस वर्षं फोडतात, हात काळे होतात, बस. एखादीला मात्र दोन महिन्यांतच मनगटापासून कोपरापर्यंत फोड, पाणी, खाज, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा सुजतात. तेल तर तेच.

फणसपोळी

उत्तम निरीक्षण. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

तेल जाळतं ते सगळ्यांनाच जाळतं, ज्याला जास्त लागेल त्याला जास्त. ती इजा. पण त्याच तेलातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्ल, कार्डोल यांसारख्या द्रव्यांची काहींना अ‍ॅलर्जीही होते, आणि ही कोळंबीपेक्षा निराळ्या जातीची. इथे आयजीई नाही, टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी) काम करतात, आणि त्यांना वेळ लागतो. आज चीक लागला तर उद्या-परवा फोड. त्यामुळे लोक भलत्याच गोष्टीवर संशय घेतात: काल काय खाल्लं, कुठला साबण वापरला. पापण्या सुजतात कारण तेलकट हात डोळ्यांना लागतो आणि पापणीची कातडी फार पातळ.

काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. म्हणून काजूच्या तेलाने ज्यांना फोड येतात त्यांना आंब्याच्या देठाचा चीकही पुष्कळदा चालत नाही, ओठांच्या कडेला पुरळ येतं. त्यांनी आंबा खावा की नाही? खावा, पण कुणीतरी साल काढून, कापून दिलेला. रस चालतो, सालीला तोंड लावायचं नाही. बिब्ब्याचं नाव घेतलंच आहे तर, गुडघ्याला बिब्बा लावून घेऊन फोडांनी भरलेले पाय मी दर पावसाळ्यात पाहते.

सेट्रिझिन या प्रकारात फारसं कामाला येत नाही, कारण इथे हिस्टामिन मुख्य नाही. स्टेरॉइडचं मलम लागतं, तेही डॉक्टरने सांगितलेलं आणि सांगितले तेवढेच दिवस. मेडिकलमधून "खाजेवरचं" म्हणून मिळणारी तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब नको.

आणि हाताला फोड येणाऱ्या बाईला काजूगर खायला बंदी नाही, नीट सोललेला, भाजलेला गर ती बहुतेक वेळा खाऊ शकते. गर खाऊन ओठ-घसा सुजणारी माणसं वेगळी. त्यांना खरी, आयजीईवाली अ‍ॅलर्जी असते, ती एका काजूतही जोराची होऊ शकते, आणि पिस्त्यापासूनही त्यांनी सांभाळायचं. काजूकतली, शाही ग्रेव्ही, सगळं विचारून.

काजूबी

शिमग्याच्या सुमारास ओले काजूगर सोलताना घरोघरी हे होतं. उसळ सगळ्यांना हवी, सोलायला कुणी नाही!

सड्यावरचा

मग अळवाची खाज? आणि खाजकुयली? शाळेत असताना एकाच्या सदऱ्यात टाकली होती, तो अजून बोलत नाही माझ्याशी.

फणसपोळी

दोन्ही अ‍ॅलर्जी नाहीत. अळू, सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या घशात टोचतात. पुरेसं शिजवायचं, चिंच-आमसूल घालायचं. खाजकुयलीच्या केसांत प्रथिनं फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते थेट खाजेच्या नसा चाळवतं. कुणाच्याही सदऱ्यात टाका, खाजणारच. त्याने न बोलणं योग्यच आहे.

दादरचा_चाकरमानी

धागाकर्त्याच्या पुतण्याचं दुखणं माझंही आहे. मुंबईत ठणठणीत, गावच्या घराचं कुलूप उघडलं की शिंका, नाक चोंदतं, पहाटे छातीत घरघर. आई म्हणते गावची हवा बाधते. ज्या हवेत मी लहानाचा मोठा झालो ती बाधते?

फणसपोळी

अंगणातली हवा नाही बाधत, खोलीतली बाधते. गाद्या, उशा, गोधड्या यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. ते माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतल्या दमटपणावर त्यांची भिस्त. कोकणातला पावसाळा आणि कुलूपबंद खोली, त्यांना आणखी काय हवं? त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी शिंका आणि दमा होतो. गोधडी झटकली की ती हवेत जाते. भिंतींची बुरशी आणि पोटमाळ्यावरची झुरळं यांची भर वेगळीच. (झुरळात आणि या किड्यांतही ट्रोपोमायोसिन असतं. त्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींची कोळंबीची तपासणी सकारात्मक येते, जरी ते कोळंबी मजेत खात असले तरी.)

उपयोग होतो तो असा: अंथरूण-पांघरुणाचे अभ्रे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुणं, कडक उन्हात वाळवणं, गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालणं, कुलूप उघडायचं काम अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने आदल्या दिवशी करून दारं-खिडक्या सताड ठेवणं. केरसुणीऐवजी ओलं फडकं. आणि गणपतीच्या आधी माळा झाडायला घरातल्या दमेकऱ्याला चढवू नका, तो तरुण आणि उंच असला तरी.

धूप, कापूर, शेणाचा धूर घालून हवा शुद्ध होत नाही. धूर आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना आणखी चिडवतो.

पहाटे घरघर होत असेल तर दमा तपासून घ्या. पंपाची सवय लागते म्हणून तो टाळू नका. औषध थेट फुप्फुसात जातं, डोस गोळीच्या मानाने अगदी थोडा असतो.

दादरचा_चाकरमानी

"तरुण आणि उंच असला तरी" हे माझ्या वडिलांना छापून देतो.

गुहागरची_सून

माझ्या दीड वर्षाच्या मुलाला अंड्याने अंगभर गांधी उठतात. जन्मभर राहणार का हे?

फणसपोळी

दूध आणि अंडं यांची अ‍ॅलर्जी बरीच मुलं मोठी होता होता मागे टाकतात. कोळंबी, मासे, शेंगदाणा, काजू यांची सहसा राहते. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अधूनमधून तपासत राहा, केकमध्ये भाजलेलं अंडं काहींना आधी चालू लागतं, पण तो प्रयोगही दवाखान्यात. लसी थांबवू नका.

खाडीपलीकडे

आता भीतीचा प्रश्न विचारतो. वहिनीचं कधी वाढलं तर? आमच्या वाडीपासून रुग्णालय घाट उतरून, पाऊण तासावर. मागे गावात एकाला गांधीलमाशा चावल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती, आणि तिथे आधी अर्धा तास सलाइन आणि "अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन" यातच गेला. वाचला, नशीब.

फणसपोळी

हे सगळ्यांनी वाचा.

खाल्ल्यावर किंवा चावल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, कातडीच्या जोडीला दम, आवाज बसणं, सतत उलट्या, चक्कर किंवा रक्तदाब कोसळणं यातलं काही आलं तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस. पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, पाचेक मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. सेट्रिझिन, एव्हिल, स्टेरॉइड हे सगळं त्याच्या नंतर. ती औषधं खाज कमी करतात, कोसळणारा रक्तदाब उचलत नाहीत. अ‍ॅड्रिनलिन स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही असायलाच हवं. परदेशात मिळणारं तयार पेनासारखं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, पण तुमच्यासारखं अंतर असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून कुपी-सिरिंज घरी ठेवणं आणि घरातल्या दोघांनी टोचायला शिकणं शक्य आहे. आधी शिका, मग ठेवा.

माणसाला आडवं झोपवा, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. उभं केल्यावर रक्तदाब एकदम पडून दगावलेली माणसं आहेत. १०८ ला फोन. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबायचं, लाट परत येऊ शकते.

जुनी_पानं

अवांतर: विंचवाचं हे नाही ना? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून लाल विंचवाचे रुग्ण वाचवले, ते वेगळं?

फणसपोळी

ते विष. कुणालाही चढतं, त्याचा उपचारही निराळा. फुरसं, घोणस यांचंही तसंच. गंमत अशी की सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे त्या लसीचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून लस देताना अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवतात. त्या भीतीने लस नाकारायची नाही.

सड्यावरचा

ऑनलाइन एक तपासणी मिळते, एका रक्तात दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी कळते म्हणे. करून टाकू का सगळ्यांची?

फणसपोळी

नको. त्यातल्या बऱ्याच तपासण्या आयजीई नाही, आयजीजी नावाची दुसरी प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्या यादीवरून भात, तूरडाळ, नारळ सगळं बंद करून खंगलेल्या बाया मी पाहिल्यात. कोकणात नारळ बंद करून माणूस खाणार काय?

खरी तपासणी संशयावरून करायची, उलट नाही. कातडीवर थेंब ठेवून हलकं टोचायचं, वीस मिनिटांत गांधी उठते का बघायचं. त्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद हव्यात, नाहीतर खोटा नकार येतो. रक्तातली आयजीईची तपासणी असेल तर गोळी चालू राहिली तरी चालते. दोन्हींत सकारात्मक येणं म्हणजे शरीराची ओळख झालेली आहे, आजार असेलच असं नाही. खाऊन काय होतं ती हकीकत सगळ्यात मोठी. काल काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, सोबत कुठली गोळी घेतली, अजून कोण जेवलं, एवढं लिहून आणलंत तर माझं अर्धं काम होतं.

बंदरावरची

पॅकेटवाल्या मालावर आता लिहावं लागतं ना?

फणसपोळी

हो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार कवचीवाली मासळी, मासे, दूध, अंडं, शेंगदाणा, झाडावरची कवचफळं, सोया, ग्लुटेनवाली धान्यं वगैरे असेल तर पाकिटावर जाहीर करावं लागतं. बाजारात सुटा मिळणारा जवळा, घरगुती मसाला, जत्रेतली भजी यांच्यावर पाकीटच नसतं. तिथे तोंडाने विचारायचं.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. हिशेब असा लागतोय: भावोजी, भाऊ आणि काकांना बर्फाचा बांगडा (बंदरावरची ताईंकडूनच घेणार, डबा घेऊन), वहिनीची तपासणी कोल्हापूरला, काकीला मोजे आणि मलम, पुतण्याला खोळी.

शेवटचं एक. वहिनी खानावळीत गेली की सुरमई तळलेली मागवते, कोळंबी नाही. ते चालेल ना?

फणसपोळी

कढईत आधी काय तळलं ते विचारा. बहुतेक ठिकाणी कोळंबी, बोंबील, सुरमई एकाच तेलात. कोळंबीचं प्रथिन तेलात उतरतं आणि तळणाच्या उष्णतेत टिकतं. रव्याचं ताटही एकच असतं. वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात करून देत असतील तर चालेल, नाहीतर त्या दिवशी डाळ-भात आणि सोलकढी.

बंदरावरची

आमच्या बंदरावरच्या दोन खानावळी सांगून वेगळा तवा ठेवतात. दुपारी एकच्या आत जायचं, नंतर गर्दीत कुणी ऐकत नाही. नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.